पाचपैकी पाच

“मी आता पाच शब्द सांगणार आहे,” मी म्हणाले. “नीट ऐका. मग थोड्या वेळाने मी तेच शब्द—”

“कोपर, रजई, टपालकचेरी, पपनस, राखाडी,” होईकाका म्हणाले.

मी अजून एकही शब्द उच्चारला नव्हता.

त्यांनी बाटलीचं झाकण काढलं, एक घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळताना नेहमीसारखी मान डावीकडे वळवली आणि माझ्याकडे पाहिलं. वेळेआधी पेपर देऊन मोकळ्या झालेल्या मुलाचा चेहरा. बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला गेला. माझी पेन्सिल पहिल्या चौकोनावर टेकलेली होती आणि तिचं टोक कागदात किंचित रुतलं होतं. अर्जावर पाच चौकोन असतात. सांगितलेला शब्द आठवला तर खूण, नाही आठवला तर आडवी रेघ. सांगायच्या आधीच आठवला तर काय करायचं, याला अर्जात जागा नाही. क्षणभर मला खरंच वाटलं, की या माणसाच्या मेंदूत काळ उलटा वाहायला लागला असेल. का नाही? जिथे उपचाराचे किरण लागले तिथेच तर माणसाचं आधी आणि नंतर ठरतं. मग वाटलं, यांनी हे शब्द माझ्या तोंडून घेतलेच नाहीत, माझ्या आतून उचलले. कारण शब्द मुळात तिथलेच होते. मी हसले बहुतेक. चेहऱ्याला सवय असते. आणि मी पाच चौकोनांत पाच खुणा केल्या, एकामागून एक, घाईने.

दोन वर्षांपूर्वी मी या इस्पितळाच्या स्थानकात शिरले. आमच्याकडे पीएचडीनंतर पोस्टडॉक संशोधन करणाऱ्याला असंच म्हणतात. अमका स्थानकात शिरला, तमका स्थानकातून बाहेर पडला. मधली दोन वर्षं माणूस कुठे असतो, हे कुणी विचारत नाही. मी वूझूची, नदीच्या वरच्या अंगाची, तिथून ग्वांगझूला आले ते याच रोगासाठी. नाकामागच्या पोकळीतला कर्करोग तिथल्या आणि इथल्या, दोन्ही प्रांतांत घरोघरी ओळखीचा. किरणांनी तो जळतो, चांगला जळतो. माणूस वाचतो, घरी जातो, नातवंडं मांडीवर घेतो. तोंडातली लाळ सुकलेली असते, जबडा दोन बोटांपेक्षा जास्त उघडत नाही, कानात सतत काहीतरी वाजत असतं, पण माणूस वाचलेला असतो. आणि मग पाच वर्षांनी, सात वर्षांनी, कानशिलाजवळचा मेंदूचा जो भाग किरणांच्या वाटेत आला होता, तो आतल्या आत मरू लागतो. आधी किल्ली कुठे ठेवली ते आठवत नाही. मग किल्ली कशाची ते आठवत नाही. अशा एकशे अडतीस माणसांना दर चार महिन्यांनी बोलावून, त्यांना काय आठवतं ते मोजायचं, हे माझं काम. शब्दांच्या याद्या बाहेरून आलेल्या होत्या, त्या इथल्या तोंडात बसत नव्हत्या. माझे मार्गदर्शक सीतू सर म्हणाले, तूच कर. एक अवयव, एक कापड, एक इमारत, एक झाड किंवा फळ, एक रंग. तीन याद्या कर, दर खेपेला वेगळी वापर.

पहिली यादी मी एका बैठकीत लिहिली, विचार न करता. कोपर आईचं, दुकानाच्या फळीवर टेकून टेकून काळं पडलेलं. रजई, जी दर हिवाळ्याआधी पिंजाऱ्याकडे जायची आणि फुगून, अनोळखी होऊन परत यायची. टपालकचेरी, जिच्या खिडकीमागे वडील बसत, आणि मी पैसे देऊन तिकीट घेतलं तरच माझ्याशी बोलत, कारण कचेरीच्या वेळेत मुलगी म्हणजे गिऱ्हाईक. मागच्या अंगणातलं पपनस, ज्याची साल उकळून आम्ही वर्षाअखेरच्या आंघोळीला घेत असू. राखाडी, पुराची रेघ, जी पाणी ओसरल्यावर जिन्याच्या सातव्या पायरीवर राहायची आणि कितीही घासली तरी पुढच्या पुरापर्यंत जायची नाही. दुसरी आणि तिसरी यादी मी शब्दकोशातून उचलली. पहिल्या हिवाळ्यात एका मासेवाल्या आजींना दुसरी यादी विचारली, त्यात जवस होता. जवस म्हणजे काय ते त्यांना ठाऊक नव्हतं. त्या म्हणाल्या, हे माझ्या डोक्यातून गेलं की कधी आलंच नव्हतं? आणि त्या रडायला लागल्या. तोंड पुरतं उघडत नसलेलं माणूस रडतं तेव्हा आवाज नाकातून येतो. त्या दिवशी मी दुसरी आणि तिसरी यादी खणात टाकली. पुन्हा काढली नाही. अहवालात ‘तीन याद्या तयार करण्यात आल्या’ असं वाक्य आहे. ते खोटं नाही.

दार उघडून मी काकांना बाहेर सोडलं. क्वानकाकू बाकावर बसल्या होत्या, मांडीवर डबा, डब्यावर छत्री, छत्रीवर दोन्ही हात.

“किती?” त्यांनी विचारलं.

“काकू, काकांना शब्द आधीच माहीत आहेत.”

“मग? दोन हिवाळे झाले त्याला. धडाधडा म्हणतो की नाही?”

“कुणी शिकवले?”

“कुणी म्हणजे? मी. परीक्षेला तयारी केल्याशिवाय पाठवतं का कुणी?”

“ही परीक्षा नाही, काकू.”

“गुण देतेस ना? मग परीक्षाच.” त्यांनी डबा बाजूला सरकवून मला बसायला जागा केली. “सकाळी चहाघरात पाच पेले ओतून ठेवते. एक शब्द, एक पेला. तोंड तर याचं वाळवंट. घोटासाठी माणूस काय वाटेल ते लक्षात ठेवतो.”

“ही बाई मला तहानेने मारणार,” काका म्हणाले. त्यांचा आवाज घशात खडे असल्यासारखा निघतो, म्हणून ते मोजकंच बोलतात आणि बहुतेक गमतीचं. “कर्करोगाला जमलं नाही ते ही करणार.”

“तीस वर्षं फेरीबोट चालवलीस. या काठावरून त्या काठाला. डोक्याला कधी काम होतं? लक्षात ठेवायला दोन धक्के.”

“दोन होते का?”

“परवा त्यातलाही एक विसरलास.” मग त्या माझ्याकडे वळून पटकन म्हणाल्या, “गंमत करते हो मी.”

मी विचारलं, शब्द मिळाले कुठून. ग्रुपमध्ये, त्या म्हणाल्या. रोग्यांचा आणि त्यांच्या माणसांचा एक ग्रुप होता, त्यात माझ्या पहिल्या हिवाळ्यात एका निवृत्त मास्तरांनी शब्द टाकले. सगळ्यांनी अंगठे दाखवले. सर्दीला कुठलं सूप, गिळायला सोपं काय, कुठल्या खिडकीवर रांग लहान, हे जसं टाकतात तसे शब्दही टाकले. त्यात लपवण्यासारखं काही आहे असं त्यांच्या आवाजात कुठेच नव्हतं.

“पण कशासाठी, काकू?”

“कशासाठी?” त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं हे मला ठाऊकच असायला हवं होतं. “पाच पडले की तू हसतेस. दोन पडले की तुझं तोंड एवढंसं होतं. सगळ्यांनी पाहिलंय. वूझूची पोर, इथे कुणी नाही, हिवाळ्यात पातळ कोट घालून येते. ग्रुपात ठरलं, पोरीचं काम नीट होऊ दे. तिला स्थानकातून बाहेर पडू दे. आमचं काय, आमचं व्हायचं ते झालं.”

“जरा हस की,” काका म्हणाले. “पाच पडलेत.”

शुक्रवार. शनिवार. रविवार. तीन दिवस मी काहीच केलं नाही. शंभरातून सात वजा करत जा, असं आम्ही त्यांना सांगतो, थांब म्हणेपर्यंत थांबू नका. शंभर. सकाळी भोजनगृहात भाताच्या पेजेचा वाडगा घेतला, समोर दोन मुली पदवीच्या फोटोसाठी कुठला झगा घ्यायचा यावर बोलत होत्या, मी त्यांच्या ताटाकडे पाहत राहिले. त्र्याण्णव. सगळ्यांच्या गुणांचा आलेख उघडला. ही रेषा खाली जायला हवी होती. जगात सगळीकडे ती खालीच जाते. माझी रेषा पहिल्या आठ महिन्यांनंतर हळूच वळली होती आणि वर चढत होती, सकाळी अंथरुणातून कुणी उठावं तशी. सीतू सरांनी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा ते खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेले आणि बराच वेळ पाठमोरे उभे राहिले. मेंदू सावरतो, ते म्हणाले. तीस वर्षं मी माणसांना वाईट बातम्या सांगतोय, मोक. मेंदू सावरतो. शहाऐंशी. मेंदू सावरत नव्हता. चहाघरांत पेले भरले जात होते. रेषा कुठे वळली? पहिल्या हिवाळ्यात. मास्तरांनी शब्द टाकले त्या आठवड्यात. मी तारीख ताडून पाहिली, आणि पडद्यावरची खिडकी बंद केली, आणि पुन्हा उघडून पुन्हा ताडली. एकोणऐंशी. आईचा फोन. आई फोन असा धरते की मला नेहमी छत दिसतं. कधी बाहेर पडतेस, तिने विचारलं. मे महिन्यात, मी छताला म्हणाले. जेवलीस का. जेवले. आमच्यात दुसरं बोलणं नसतं, आणि हे संपलं की दोघीही फोन ठेवायला घाबरतो. बहात्तर. कितीतरी घरांत माझ्या आईचं कोपर पाठ होतं आणि आईला ते ठाऊक नव्हतं. मी कुणाला हे सांगू शकले असते? या शहरात मला नावाने हाक मारणारी माणसं मी बोटांवर मोजली आणि ती जवळजवळ सगळी माझ्या यादीतली होती. माझे रोगी. माझी आकडेवारी. पासष्ट. पातळ कोट. मला वाटत होतं तो कुणाला दिसत नाही. अठ्ठावन्न. चुकलं. नाही, बरोबर आहे.

पण या सगळ्याखाली एक वेगळी गोष्ट होती, आणि तीन दिवस मी तिच्याभोवती फिरत होते, तिच्यावर पाय न देता. मागच्या खेपेला होईकाका पाठ शब्द म्हणून झाल्यावर निघता निघता म्हणाले होते, बोट सोडून नऊ वर्षं झाली, पण पहाटे अंथरुणात डिझेलचा वास येतो. अगदी इंजिनाजवळ उभा असल्यासारखा. मी हसले होते. नसलेला वास येणं म्हणजे काय हे मला माहीत आहे. कानशिलामागचा मेंदू दुखावला की तो असले वास स्वतःच तयार करतो. मी ते विद्यार्थ्यांना शिकवते, फळ्यावर लिहून. पण काकांना पाचपैकी पाच होते. ज्याला सलग पाच, त्याचा एमआरआय सहा महिन्यांनी नको, वर्षाने पुरे, यंत्रावर रांग फार आहे. हा नियम मी सुचवला होता. आणि वर्षाने एमआरआयची वेळ आली तेव्हा, पाचच आहेत, बघू पुढे, हे शब्दही माझेच. त्यांचा शेवटचा एमआरआय सोळा महिन्यांपूर्वीचा होता. मी गप्प राहिले तर रेषा राहते, मेमध्ये मी बाहेर पडते, आणि पुढचा एमआरआय आणखी आठ महिन्यांनी.

एक्कावन्न. थांब, असं कुणी म्हणत नव्हतं.

सोमवारी मी काकूंना फोन करून बोलावलं. खणातून दुसरी यादी काढली. कागदाला खणाचा वास लागला होता. या वेळी काकूंनी बाहेर थांबायला नकार दिला. बसा, मी म्हणाले, फक्त बोलायचं नाही. त्या काकांच्या शेजारी छत्री धरून बसल्या, पालकसभेला आल्यासारख्या.

“टाच,” मी म्हणाले. “मखमल. दीपगृह. जवस. किरमिजी.”

काकांनी लगेच पाचही शब्द परत म्हटले, नीट, क्रमाने. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. बघितलंस, असं. मग मी काकांना घड्याळ काढायला लावलं, उलटे आकडे म्हणायला लावले, मुद्दाम रेंगाळत राहिले, आणि पाच मिनिटांनी विचारलं, “मघाचे शब्द सांगा, काका.”

“कोपर,” ते म्हणाले. “रजई. टपाल—”

“ते नाहीत. आज सांगितले ते.”

“आज?”

“आत्ता थोड्या वेळापूर्वी.”

 त्यांनी बाटलीकडे हात नेला आणि अर्ध्यावर थांबवला, पेल्याची सवय असावी, शब्दाआधी पाणी नाही. ते काकूंकडे वळले. काकू छत्रीच्या मुठीकडे पाहत होत्या. 

“आज हिने काही सांगितलं होतं का?” त्यांनी काकूंना विचारलं. खरंच विचारलं, बायकोला माणूस विचारतो तसं, काल दूध आणलं होतं का.

मी पाच रेघा ओढल्या.

“तू मुद्दाम अवघड विचारलंस,” काकू म्हणाल्या.

“हो,” मी म्हणाले.

“जवस म्हणजे काय? मलाच ठाऊक नाही. मला विचारलं असतंस तर मलाही आलं नसतं.”

“काकू, तुम्हाला किती आठवतात?”

 छत्रीकडेच पाहत त्यांनी पाचही शब्द म्हटले. शेवटचा म्हणताना त्यांचा आवाज बारीक झाला. काकांनी समाधानाने मान हलवली. “हुशार आहे ही,” ते मला म्हणाले. “पहिल्यापासून.”

यंत्रावर जागा मिळायला दुपार झाली. उजव्या कानशिलात, जिथे सोळा महिन्यांपूर्वी नखाएवढा पांढरा डाग होता, तिथून पांढरं पसरत वर आणि मागे गेलं होतं, उघड्या पंजासारखं. डाव्या बाजूलाही सुरुवात होती. मी पडद्यासमोर बसून ते किती मिलिमीटर आहे ते मोजलं, कारण मोजणं मला येतं. वॉर्डातल्या डॉक्टरांनी लगेच भरती करून घेतलं, शिरेतून द्यायचं औषध त्याच दिवशी सुरू करायचं ठरलं. सूज उतरेल, ते म्हणाले. जे मेलं ते परत येत नाही. काकांना चाकाच्या खुर्चीतून नेत होते. त्यांनी नेणाऱ्याला विचारलं, पलीकडच्या काठाला का? तो हो म्हणाला.

काकू व्हरांड्याच्या टोकाला उभ्या होत्या. मी शेजारी जाऊन उभी राहिले. खाली अंगणात कुणीतरी रोग्याला चालायला शिकवत होतं.

“आधी कळलं असतं तर?” त्यांनी विचारलं.

“औषध आधी सुरू झालं असतं.”

“किती आधी?”

“आठ महिने. कदाचित दहा.”

त्यांचे ओठ हलले. त्या मागे मागे जात होत्या, महिन्यामागून महिना. “म्हणजे मी पेले ओतत होते तेव्हा,” त्या म्हणाल्या.

“नियम माझा होता, काकू. तपासणी पुढे ढकलायचा.”

“तुझा नियम, माझे पेले. आता वाटण्या काय करायच्या?” त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला उभं राहणं सोपं गेलं असतं. “तुला तरी कसं कळलं नाही ग? एवढं शिकलीस. ज्या माणसाला घरचा रस्ता सापडत नाही त्याला पाचपैकी पाच, असं कसं, हे तुझ्या डोक्यात आलं नाही?”

रस्त्याबद्दल मला कुणी सांगितलं नव्हतं, असं मी म्हणू शकले असते. पण काकूंनी सांगितलं होतं, गुरुवारी, धक्क्यांच्या गमतीत. आणि डिझेलबद्दल काकांनी सांगितलं होतं, तेही गमतीत. या माणसांचं खरं बोलणं नेहमी गमतीतच असतं, आणि मी, जी त्यांच्यातलीच आहे, फक्त चौकोनांत आलेलं ऐकत होते. काकूंनी फोन काढला, अंगठ्याने काहीतरी लिहिलं, पाठवलं, आणि फोन पिशवीत टाकला. ग्रुपात काय लिहिलं ते मला दाखवलं नाही. मग छत्री काखेत मारून त्या वॉर्डाकडे गेल्या. छत्री आतमध्ये कशाला, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

सीतू सर खोलीत एकटेच डब्यातलं जेवत होते. मी उभ्याउभ्या सांगितलं, सगळं, खणातल्या यादीपासून. त्यांनी जेवायच्या काड्या डब्यावर आडव्या ठेवल्या.

“किती जणांना पाठ आहेत?”

“माहीत नाही, सर.”

“मग शोध.”

“शोधलं तर रेषा राहणार नाही.”

“रेषा आत्ताच नाहीये,” ते म्हणाले. “तू मला सांगितलंस तेव्हाच गेली.” त्यांनी डब्याचं झाकण लावायचा प्रयत्न केला, ते बसेना, दोनदा फिरवून पाहिलं. “ज्यांना माहीत नाहीत ते उरतील. त्यांच्यावर लिही. काय निघेल ते निघेल. स्थानकाची मुदत वाढवून मागतो, देतील की नाही सांगता येत नाही.” मी निघाले तेव्हा ते पुढे बोलले, माझ्याकडे न पाहता. “गेल्या महिन्यात मी चार घरांना सांगितलंय, की मेंदू सावरतो. त्यांना फोन मी करतो. तुझे तू कर.”

मी करायला लागले. रोज सकाळी आठ ते अकरा, तेव्हा माणसं चहाघरातून परत आलेली असतात. प्रश्न ठरवून घेतला होता, उत्तर सुचवणार नाही असा. चाचणीतले शब्द तुम्ही घरी कधी म्हणता का? बस, एवढंच. आणि ती म्हणून दाखवायची. थांबवायच्या आत. एका बाईने स्वयंपाकघरातून नवऱ्याला हाक मारली, अरे ये, डॉक्टरीणबाई फोनवर विचारतायत, आणि तो टीव्हीचा आवाज कमी न करता तिथूनच ओरडून पाचही म्हणाला. एकाने चाल लावली होती. मास्तरांनी प्रत्येक शब्दानंतर त्याचा वाक्यात उपयोग करून दाखवला. माझे वडील टपालकचेरीत खिडकीमागे बसतात, असं वाक्य त्यांनी केलं, आणि मला लिहिता लिहिता थांबावं लागलं, आणि मग लक्षात आलं की टपालकचेरीत कुणाचेही वडील खिडकीमागेच बसतात. प्रत्येक जण शेवटी विचारायचा, बरोबर? मी म्हणायचे, बरोबर. आणि नावावर काट मारायचे. काट, काट, काट. माझं घर मला फोनवर परत ऐकू येत होतं, अनोळखी घशांतून, खरखरीत, फुटक्या, अर्ध्या उघडणाऱ्या तोंडांतून, आणि जितकं ते नीट ऐकू यायचं तितकं माझं काम कमी होत जायचं. मला चीड यायला हवी होती. मी खुर्चीत पाय वर घेऊन ऐकत बसायचे.

एकशे सहा नावांवर काट. एकतीस उरले. मी त्यांची वेगळी यादी केली आणि वरती लिहिलं, स्वच्छ. आम्ही आकडेवारीला असंच म्हणतो, जिला कुणाचा हात लागलेला नाही ती. मग नोंदवहीतून त्यांची बाकीची माहिती उतरवायला घेतली. वय, गाव, किरण कधी घेतले. एक रकाना असतो, सोबत कोण येतं. बायको, मुलगा, सून, शेजारीण. तो रकाना मी उतरवत गेले आणि हात आपोआप भराभर चालायला लागला, कारण उतरवण्यासारखं काही नव्हतं. कुणी नाही. कुणी नाही. मुलगा शेन्झेनला. कुणी नाही. एकतीसपैकी सत्तावीस. ग्रुपात त्यांना कुणी घेतलं नव्हतं, किंवा घेतलं असलं तरी पेले ओतायला समोर कुणी बसलेलं नव्हतं. माझ्या कामातलं जे खरं म्हणून उरणार होतं, ते यांच्यावर उभं राहणार होतं. मी सहीच्या जागेपर्यंत आले, आणि पाहिलं, तर एक नाव उरलं होतं ज्याला मी फोनच केला नव्हता. नंबर बदललेला, बाजूला लिहिलेला. फोक योकदाई, वय एकसष्ट, रेशीम गिरणीतून निवृत्त, अविवाहित. चार वाजून गेले होते. लावला.

“कोण?”

“इस्पितळातून मोक. चाचणी घेते ती.”

“हां, हां. तारीख बदलली का?”

“नाही. एक विचारायचं होतं. चाचणीतले शब्द तुम्ही घरी कधी म्हणता का?”

“कुठले शब्द?” मग थोड्या वेळाने, “ते होय. घरी कुणाला म्हणून दाखवणार? मागच्या खेपेला दोन आले होते मला. तू काही बोलली नाहीस.”

“ठीक होतं ते.”

“बाकीच्यांना जास्त येतात?”

मी खोटं बोलू शकले असते. “बऱ्याच जणांना पाचही येतात,” मी म्हणाले. “त्यांनी एकमेकांना सांगितले.”

पलीकडे बाटलीचं झाकण उघडल्याचा आवाज आला, घोट, मग झाकण लावल्याचा.

“मला नाही सांगितले कुणी,” त्या म्हणाल्या. तक्रार नव्हती. एखादी पाहिलेली गोष्ट सांगावी तसं. “तू सांग ना. पुढच्या खेपेपर्यंत करून ठेवीन. संध्याकाळी तोंडाला तेवढंच काम.”

“पुढच्या खेपेला वेगळे शब्द असतील.”

“मग ते सांग.”

“ते सांगता येत नाहीत, मावशी.”

“बरं,” त्या म्हणाल्या. “बरं, बरं.”

मी त्यांचं नाव बत्तिसावं म्हणून लिहिलं. सोबत कोण येतं या रकान्यात, कुणी नाही. फोन कानाशीच होता. त्यांनी ठेवला नव्हता. त्यांचा श्वास तेवढा ऐकू येत होता, कोरड्या नाकातून येणारा, शिट्टी मिसळलेला. मी पेन्सिल खाली ठेवली.

“मावशी,” मी म्हणाले, “आज जेवायला काय केलंय?”

“मऊ भात,” त्या म्हणाल्या. “आणि वाफवलेलं अंडं. का ग?”

“काही नाही,” मी म्हणाले. “सांगा. अंडं कसं करता?”